लाल ठिपक्याखालचा शिक्का

दादा, तू मेलास आणि आपलं भांडण अर्धंच राहिलं. हे काही बरं केलं नाहीस.

काल तुझा बारावा झाला. मालवणच्या बाजारातल्या तुझ्या दुकानामागच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. जो येईल तो तुझे गोडवे गात होता. दादा किती शांत, दादा किती सरळ, आणि जुन्या कपबश्यांतली दादाची नजर म्हणजे काय विचारता, कप नुसता हातात घेतला की त्याची जन्मकुंडली सांगायचा. मी पंगतीत वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढत होते आणि दात आवळून ऐकत होते. तोंड उघडलं असतं तर लोकांनी म्हटलं असतं, बघा ही बहीण, भावाच्या बाराव्यालाही त्याला सोडत नाही. म्हणून आचऱ्याला घरी येऊन आता लिहायला बसले आहे. लिहिताना तरी तू मध्ये तोंड घालू शकत नाहीस.

तू वाईट होतास असं मी म्हणत नाही. पण नऊ वर्षांपूर्वी भर दुकानात, चार माणसांसमोर, तू माझा कपबश्या पारखायचा डोळा काढून घेतलास आणि तो परत द्यायचं तुझ्याच्याने झालं नाही. त्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. तू गेलास म्हणून करेन असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाक.

डोळा दिलास तोही तूच, हे मी नाकारत नाही. दुकान टाकलंस तेव्हा गावोगावच्या जुन्या घरांतून कपबश्या गोळा करायला तुला कोणीतरी बाईमाणूस हवं होतं. आपल्या किनाऱ्यावरची माणसं बोटींवर राबली, साहेबांच्या स्वयंपाकघरांत राबली, आणि येताना चादरीत गुंडाळून ही चिनीमाती घेऊन आली. ती सगळी घराच्या आतल्या बाजूला, बायकांच्या ताब्यात. तू पडवीवर बसून पुरुषांशी पाऊसपाणी आणि आंब्याचा मोहोर बोलायचास, आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत जायची.

मला सगळं शिकवलंस. कप उजेडाकडे धर, मागे बोटं ठेव, बोटांची सावली आरपार दिसली तर हाडांच्या राखेची माती, म्हणजे खरं बोन चायना. साधी चिनीमाती असली तर समोर भिंतच. मग नखाने काठावर टिचकी मार. खरा कप घंटीसारखा लांबवर वाजतो आणि तडा गेलेला असला तर नुसता थप करतो, मग तो तडा कितीही लपवलेला असो. रंग सायीच्या दुधाचा हवा. नीळ जास्त पडलेल्या धोतरासारखा पांढरा असेल तर समज, दुसरी जात. सोनेरी काठ अंगठा टेकतो तिथे झिजलेला हवा, कारण माणसं चहा प्यायली असतील तर तो झिजणारच. सगळीकडे सारखा चकचकीत असेल तर कोणीतरी नव्याने सोनं फासलंय. आणि फुलांवरून डोळे मिटून बोट फिरव. हाताने काढलेलं फूल बोटाला कळतं, छापलेलं कळत नाही.

खारेपाटणची ती खेप आठवते? नदीकाठच्या त्या व्यापाऱ्याच्या घरी किटली होती, दुधाचं भांडं होतं, सहा कपबश्या होत्या, पण किटलीला झाकण नव्हतं. झाकणाशिवायच्या किटलीला निम्मीसुद्धा किंमत नाही, तू पडवीवर तोंड वाकडं करून बसलेलास. आत त्या बाईने साखरेच्या भांड्यात रांगोळी भरून ठेवली होती. म्हटलं, इथे काहीही कुठेही असू शकतं. आणि झाकण मला देवघरात सापडलं. उलटं करून उदबत्तीची राख झेलायला देवापुढे ठेवलेलं. मी पदराने पुसून ते बाहेर आणलं तेव्हा तुझा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना. परतताना कसालला गाडी बदलली तेव्हा तू मला गोड खाजं घेऊन दिलंस आणि म्हणालास, "शालू, तुझो डोळो माझ्यापेक्षा बरो आसा गो." मी तेव्हा तिशीचीही नव्हते. ते वाक्य मी किती दिवस मनात घोळवलं ते तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चढून बसला असतास.

एका गोष्टीवर मात्र आपलं कधीच जमलं नाही. तू कप हातात आला की आधी उलटा करायचास. पाहुणे म्हणून गेलास तरी लोकांच्या बश्या उलट्या करून बघायचास, वहिनी लाजेने लाल व्हायची. तुझं सगळं शिक्क्यावर. मुकुट कसला, अक्षरं कुठल्या वळणाची, नुसतं इंग्लंड असेल तर जुनं, मेड इन इंग्लंड असेल तर त्यानंतरचं. माझं म्हणणं, शिक्का कोणीही मारील. खोटे शिक्के तूच मला ढिगाने दाखवलेस. आवाज आणि उजेड मात्र कोणाला खोटा करता येत नाही. यावर आपण एसटीच्या खांबापाशी, गाडीत, जेवताना, कुठेही भांडायचो. कधी तू जिंकायचास, कधी मी. त्या भांडणांत मजा होती, हे आज कबूल करते.

आणि मग आईचा सेट आला.

आपला आजो बोटीवर खानसामा होता. त्याने आणलेल्या सहा कपबश्या, गुलाबी फुलांच्या, सोनेरी काठाच्या. त्या बोन चायनाच्या हे आजोचं सांगणं, तपासून कोणीच बघितलं नव्हतं. आई मासळी विकून दमून यायची आणि त्या कपातून चहा प्यायची, तेवढीच तिची चैन. बोन चायनात हाडांची राख असते हे तू तिला दुकान टाकल्यावर सांगितलंस, तेव्हापासून सोमवारी ती त्या कपाला शिवेना. "आज शिवराक, हाडां नको," म्हणायची आणि स्टीलचा पेला घ्यायची. बाकी सहा दिवस तिला हाडं चालत होती. आपण दोघं यावर किती हसलो होतो.

ती गेल्यावर सेट माझ्याकडे आला, तिने तसं सांगूनच ठेवलं होतं. मी तो विकायला आणला नव्हता. तू एकदा नीट बघावंस, मी काय ओळखलंय ते तुझ्या तोंडून ऐकावं, एवढ्याचसाठी दुकानात आणला. नेमका तेव्हा पणजीहून तो टोपीवाला गिऱ्हाईक आलेला. बाबल मेस्त्री, ज्याने तुझी सगळी कपाटं केली, तो खणाची बिजागरी बसवत होता. वहिनी चहा घेऊन आली होती.

तू कप उलटा केलास आणि खाली तुला लाल ठिपका दिसला.

लाल ठिपका म्हणजे आपल्या घरची खूण, दादा. तुला ती माहीत नव्हती असं म्हणायची सोय नाही. वाडीत कोणाकडे लग्न असलं, बारसं असलं, की घराघरांतून भांडी जायची, आणि परत आपलीच यावीत म्हणून ज्याने त्याने बुडाला रंगाची खूण केलेली. शेजारच्यांची निळी रेघ, पलीकडच्यांची पिवळी फुली, आणि आपला लाल ठिपका, बाबांच्या होडीला लावून उरलेल्या रंगाचा. आईने कढई, ताटं, कळशी, सगळ्यांना एकेक ठिपका दिला आणि त्याच हाताने या कपबश्यांनाही. बरोब्बर बुडाच्या मधोमध. शिक्का असतो तिथेच. इंग्लंडच्या मुकुटावर होडीचा रंग, हे जगात फक्त आपल्या घरी होऊ शकतं.

"शिक्को खंय आसा?" तू म्हणालास. "शिक्को नाय तर काय नाय. ह्या साधा मातीचा काम."

मी कप तुझ्या हातातून घेतला, दाराच्या उजेडाकडे धरला. "दादा, बघ मरे, बोटां दिसतत. वाजवन बघ. ठिपक्याखाली शिक्को आसतलो, खरवडून बघूया."

तो टोपीवाला हसला. तो हसला नसता तर तू कदाचित बघितलं असतंस. पण तो हसला आणि तुझं डोकं फिरलं.

"गिऱ्हाइकासमोर माका शिकवू नको. तुका डोळो नाय गो, नुसती हौस आसा. जा, मासळी इक."

"आईन मासळी इकूनच तुका मोठो केल्यान," मी म्हटलं. एवढंच सुचलं. मेस्त्रीने मान खाली घातली. वहिनी कपबश्यांचा ट्रे घेऊन तशीच उभी. मी सेट तिथेच टाकला, "ठेव तुझी माती तुका" म्हणाले आणि आचऱ्याची गाडी पकडली.

मला तुझ्या रागाचं काही वाटलं नसतं. राग आपल्या घरात सगळ्यांनाच होता. पण मी तुझ्यावर विश्वास ठेवला, दादा. गाडीत बसल्या बसल्या माझ्याच मनात आलं, बोटं खरंच दिसली का? की आईचा कप म्हणून मला दिसावीशी वाटली? कोणाच्या आईचा कप आहे याला बाजारात किंमत नसते, हे तूच शिकवलं होतंस. म्हटलं, दादा एवढ्या ठामपणे बोलला म्हणजे माझंच चुकलं. त्या दिवसानंतर मी एकही कप उजेडाकडे धरला नाही. पर्यटकांना घरं देणाऱ्या बायका आपल्या आजीच्या कपबश्या घेऊन यायच्या, शालूताई जरा बघा म्हणायच्या. मी सांगायची, मला नाही कळत, मालवणला दादाला दाखवा. तुझं गिऱ्हाईक मीच वाढवलं बघ.

आणि मी खरोखर मासळी विकली. आचऱ्याच्या बाजारात नऊ वर्षं बसतेय. बांगड्याचा कल्ला उचलला की तो कालचा की आजचा हे मी सांगते आणि तिथे कोणी माझा डोळा नाकारलेला नाही.

नऊ वर्षांत नऊ भाऊबिजा झाल्या. तू प्रत्येक वेळी आलास, पाटावर बसलास. मी ओवाळलं, पण तुझ्याकडे न बघता. चहा मी तुला मुद्दाम स्टीलच्या पेल्यातून दिला, उलटा करून बघायला काही राहू नये म्हणून. तू गरम पेला रुमालात धरून मुकाट प्यायलास. गेल्या भाऊबिजेला उठता उठता म्हणालास, "शालू, एकदा कपाट बघूक ये." मी म्हटलं, "माका डोळो नाय." तू चपला घातल्यास आणि निघालास. पायरीवर क्षणभर थांबलास खरा. मी ताट उचलून आत गेले.

तेव्हा मी आत जायला नको होतं, हे मला आता कळतंय. पण तुलाही तोंड होतं की.

काल जेवणं आटोपल्यावर वहिनीने मला दुकानात बोलावलं. पदराची गाठ सोडून एक किल्ली हातावर ठेवली. मागच्या भिंतीकडच्या काचेच्या कपाटाची. "तेंनी ह्या कपाटाक कोणाक हात लावूक दिल्यानी नाय. माका सांगल्यानी, माझ्या मागसून शालूक दी."

कपाटात दुसरं काही नव्हतं. आईचा सेट. सहा कप, सहा बश्या, प्रत्येक बशीखाली जुन्या मऊ लुगड्याची चौकोनी घडी. काचेवर तुझ्या अक्षरात चिठ्ठी, विकायचा नाही. साध्या मातीच्या सेटसाठी एवढा मान?

मी कप उलटे करत गेले. तुझी खोड, आता मलाच लागली. लाल ठिपका, लाल ठिपका, पाच कपांना लाल ठिपका. सहाव्याला ठिपका नव्हता. कडेला कुठेकुठे लाल रंगाची बारीक रेघ राहिलेली, बाकी सगळं स्वच्छ. आणि मधोमध हिरवट मुकुट, त्याखाली गोल फिरलेली अक्षरं, बोन चायना, आणि सगळ्यांत खाली नुसतं इंग्लंड.

कप पडेल म्हणून मी आधी तो खाली ठेवला.

"वयनी, ह्या कधी खरवडल्यानी?"

वहिनी माझ्याकडे बघेना. "तू गेलंस त्याच आठवड्यात. रॉकेल मागून घेतल्यानी, कापूस घेतल्यानी, दाराक कडी घालून दुपारभर बसले. भायर इले तेवा जेवले नाय. माका वाटला, पोट बिघडला."

त्याच आठवड्यात! म्हणजे तुला नऊ वर्षं माहीत होतं. मी बरोबर होते हे तुला माहीत होतं, आणि मी आचऱ्याच्या बाजारात बसून येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होते की मला नाही कळत. नऊ वेळा पाटावर बसलास आणि नऊ वेळा ते गिळलंस. कारण काय, तर बाजारात तुझी नजर म्हणजे शेवटचा शब्द, आणि तो शब्द एकदा चुकला हे मेस्त्रीला कळलं असतं. चूक सगळ्यांची होते, होडीच्या रंगाने कोणीही फसेल, त्यासाठी मी तुला दुसऱ्या दिवशी माफ केलं असतं. पण चूक सगळ्यांसमोर केलीस आणि दुरुस्त केलीस दाराला कडी लावून. याला काय म्हणू? मी कपाटाशी उभी राहून रडले आणि रडता रडता तुला शिव्या घातल्या. वहिनीने ऐकल्या. तिने मला थांबवलं नाही, पाठीवर हात ठेवून उभी राहिली फक्त.

मग मी तोंड धुतलं आणि तो सहावा कप घेऊन बाहेर आले. पडवीवर माणसं बसली होती, बाबल मेस्त्री सुपारी कातरत होता आणि सांगत होता, "बरो माणूस होतो. आनी नजर! एकदा सांगल्यान म्हणजे सांगल्यान."

"मेस्त्री, हंय येवा," मी म्हटलं.

तो म्हातारा उठून आला. मी त्याला दाराच्या उजेडात उभा केला, कप त्याच्या डोळ्यासमोर धरला आणि मागे माझी बोटं ठेवली. पडवीवरच्यांनी माना वळवल्या.

"काय दिसता सांगा."

त्याने चष्मा वर केला. खूप वेळ बघत राहिला. त्याला तो दिवस आठवत होता, ते त्याच्या तोंडावरून मला कळलं.

"बोटां दिसतत गो," तो म्हणाला. "चारय दिसतत."

मी नखाने टिचकी मारली. दुकानभर वाजला, दादा. तू असतास तर तुलाही मान्य करावं लागलं असतं. "तेवाय दिसली होती," मी म्हटलं, पडवीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मेस्त्रीने मान हलवली आणि कप दोन्ही हातांनी मला परत दिला.

वहिनी म्हणतेय दुकान बंद करू नये. मी सोमवारपासून बसणार आहे, मासळीची टोपली जावेच्या हवाली केली. आईचा सेट त्याच कपाटात राहील, पण चिठ्ठी मी माझ्या अक्षरात लिहीन. उरलेले ठिपके खरवडणार नाही. तू म्हणशील, शिक्का झाकलेला म्हणजे किंमत निम्मी. असू दे निम्मी. कोणी विचारलं, हा सेट ओळखला कोणी, तर माझं नाव सांगेन. चुकलं कोणाचं ते कोणी विचारणार नाही, तरी सांगेन.

संध्याकाळी निघताना मी तो सहावा कप बरोबर घेतला. मांडीवर लुगड्यात गुंडाळून धरला होता, खारेपाटणहून यायचो तसा. आचऱ्याला उतरेपर्यंत मी तुझ्याशी भांडत होते आणि तू पहिल्यांदाच एकही उत्तर दिलं नाहीस. आता तो माझ्या फडताळात आहे, स्टीलच्या पेल्याच्या शेजारी. दादा, गेल्या भाऊबिजेला पायरीवर थांबलास तेव्हा एवढंच म्हणायचं होतंस, शालू, बोटं दिसली. मी तुला परत आत बोलावलं असतं आणि चहा कपातून दिला असता.